पाव्हणे बाहेर, मी आत

मंचर, २६ नोव्हेंबर २००७

हौसे,

फोनच्या धंद्यातली बाई पत्र लिहायला बसली म्हणून हसशील. हस. सहा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस, सातव्यांदा करायची मला लाज वाटली. घोडेगावच्या शाळेत गणिताच्या तासाला आपण चिठ्ठ्या लिहायचो, तशी ही धर. उत्तर दे नाहीतर देऊ नकोस, पण वाच.

लोकांच्या धंद्यात पैसे घालणाऱ्या तुमच्या ऑफिसचे कागद परवा कुरिअरनं आले. इंग्रजीत, बावन्न पानं. मला इंग्रजी येतं तेवढंच येतं, पण नावं कुठल्याही भाषेत वाचता येतात. पहिल्या पानावर लिहिलंय की शेतकऱ्यांना रोज पहाटे बाजारभाव कळवणारी 'भावफळा' ही सेवा माझ्या धाकट्या दिरानं, गोकुळनं, दोन हजार पाच साली सुरू केली. त्या साली गोकुळ चाकणची नोकरी सोडून घरी आला आणि त्यानं मला कॉम्प्युटर आणून दिला, एवढं खरं आहे. पण फळा त्याच्या नऊ वर्षं आधीचा. तेव्हा हा आठवीत होता आणि मी त्याच्या डब्यात चटणी भरत होते.

माझं नाव शोधत शोधत गेले. शेवटच्या पानावर सापडलं. साक्षीदार म्हणून.

एकतीस जानेवारीच्या आत सह्या करून कागद परत पाठवायचे आहेत, मग पैसे मिळणार. पैसे आले की फळा बेचाळीस गावांवरून हजार गावांत जाईल. आज ज्या बाया नुसत्या फोनच्या रिचार्जवर गावोगाव भाव सांगतात, त्यांना पगार सुरू होईल. हे सगळं मला पाहिजे आहे गं, खोटं कशाला बोलू. पण त्यासाठी मला माझ्याच कंपनीची साक्षीदार व्हायला लागतंय.

आणि तुमची माणसं बोलणीला आमच्या घरी आली, तेव्हा तू तिथंच खुर्चीवर बसली होतीस. कंपनी कुणाची ते तुला माहीत होतं. तुमचे दोन साहेब गोकुळशी बोलत होते, मी वाढत होते, तू जेवत होतीस. रस्सा झणझणीत झालाय, एवढंच बोललीस. एवढ्यासाठी तुला मुंबईहून यायचं काही अडलं नव्हतं.

रत्ना


मंचर, १० डिसेंबर २००७

हौसे,

चौदा दिवस झाले. पोस्टमनला आता माझी दया यायला लागलीय.

त्या कागदांत 'सुरुवात' म्हणून अर्धं पान आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी लिहिते. तुला ठाऊक आहे, पण तुमच्या साहेबांना वाचून दाखव.

माझी आई, ठकूबाई, कांदा घेऊन बाजारात यायची. वडील लवकर गेलेले. त्या काळी अडत्यापुढं भाव तोंडानं बोलत नसत. हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली दोघांनी हात धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. आता परक्या पुरुषाचा हात कोण बाई धरणार? म्हणून चुलते, गेणभाऊ, हात घालायचे आणि आई पोत्यांपाशी उभी राहायची. काय ठरलं ते घरी आल्यावर गेणभाऊ सांगतील ते. त्यांनी फसवलं असं नाही. पण आईला जन्मभर स्वतःच्या कांद्याचा भाव दुसऱ्याच्या तोंडून कळला. तुझी आई डोंगरातून हिरडा घेऊन उतरायची, तिचंही तेच.

चौऱ्याण्णव साली मला बाजारासमोर एसटीडी बूथ मिळाला. व्यापारी माझ्याकडून वाशीला, पुण्याला फोन लावायचे आणि असे ओरडायचे की तार नसती तरी वाशीला ऐकू गेलं असतं. सगळे भाव मला बसल्या जागी कळायचे. शहाण्णवच्या उन्हाळ्यात मी एक फळा आणला, बाहेर टांगला आणि खडूनं लिहिलं: कांदा वाशी, कांदा पुणे, बटाटा मंचर. दोन व्यापारी चिडले, गुपित फोडलं म्हणाले. ओरडून सांगितलेलं कसलं गुपित? त्यांनी बूथ बदलला आणि माझ्या दारात शेतकरी उभे राहायला लागले.

मग लोणीच्या झुंबरबाई आल्या. बटाटा विकून चालल्या होत्या, फळा बघून थांबल्या. म्हणाल्या, आमच्या डेअरीत फोन आहे, सकाळी मला सांगत जा, मी भिंतीवर लिहीन. डेअरीच का, तर सकाळी दूध घालायला बायाच येतात. चावडीवर लिहिलं असतं तर पुरुषांनी वाचलं असतं आणि बायकांना पुन्हा घरी गेल्यावरच कळलं असतं. ही अक्कल झुंबरबाईंची, माझी नाही. मग शिनोलीच्या कुशाबाई, मग एकेक गाव. पुढं मोबाइल आले. गोकुळनं एकाच वेळी हजार जणांना मेसेज जाईल अशी सोय बसवली आणि लोक महिन्याला वीस रुपये द्यायला लागले. ते त्याचं काम, मी नाकारत नाही.

गोकुळचं म्हणणं असं आहे: "वहिनी, पैसेवाल्यांना समोर इंजिनिअर दिसायला लागतो. कागदावर मी, कामात तुमी. घरातलंच तर हाय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलणार. मी ह्यांना, संपतला, विचारलं. ते टेम्पोचं चाक काढत होते. म्हणाले, "सही तुझी तू बघ. मी सांगितलं म्हणून केलीस तर जन्मभर मला बोल लावशील." एवढं बोलून पाना मागितला. मला राग आला होता, पण माणूस खोटं बोलला नाही.

तूच सांग आता काय करू.

रत्ना


मंचर, २९ डिसेंबर २००७

हौसे,

तुझं पत्र मिळालं. दहा ओळी. एवढं शिकून अक्षर तेवढंच वाईट.

तू लिहिलंस, 'मी आत स्वयंपाकघरात येऊन तुला बाहेर चल म्हणाले होते. तू आली नाहीस. हे तू पहिल्या पत्रात लिहिलं नाहीस.'

नाही लिहिलं. राहून गेलं असं म्हणणार होते, पण राहिलं नव्हतं, मी गाळलं.

आता लिहिते. तू आलीस तेव्हा मी मासवड्या थापत होते. पहाटे चारपासून उठलेली. तुझे साहेब येणार, मंचरचं नाव निघालं पाहिजे, म्हणून मासवडीच करायची हे मीच ठरवलं होतं. तू म्हणालीस, "रत्ने, बाहेर चल, ते विचारतायत." मी म्हणाले, आलेच, दोन थापायच्या राहिल्यात, पीठ गार झालं तर तडकेल. तू उभी राहिलीस. मी पुन्हा म्हणाले, तू हो पुढं.

आपल्याकडं पाव्हण्याला जेवू घातल्याशिवाय व्यवहाराचं बोलत नाहीत. मला वाटलं, जेवतील, हात धुतील, सुपारी खातील, मग मी पदर खोचून बाहेर येऊन बसेन आणि पहिल्यापासून सांगेन. चौदा वर्षांपूर्वी आमच्या लग्नाची बोलणीसुद्धा जेवणानंतर झाली. मला काय ठाऊक, मुंबईची माणसं आधी व्यवहार उरकतात आणि मग घड्याळाकडं बघत जेवतात. मी रस्सा घेऊन बाहेर आले तोवर गोकुळनं कॉम्प्युटर दाखवून झाला होता, हातात हात देऊन झाले होते. चष्म्याच्या साहेबांनी मला थँक यू म्हटलं. ते जेवणाचं होतं.

हे झालं एक. पण हेही पुरतं खरं नाही. पीठ सासूबाईंनी थापलं असतं. त्या तिथंच बसल्या होत्या, दोनदा म्हणाल्याही, तू जा. मी गेले नाही कारण मला भीती वाटली. ते इंग्रजीत विचारतील, मी अडखळेन, आणि गोकुळ माझ्यासमोर माझं उत्तर देईल. ते बघण्यापेक्षा चूल बरी वाटली. बेचाळीस गावांना रोज पहाटे फोनवर ठणकावून भाव सांगणारी मी, पाच पावलं चालून बाहेरच्या खोलीत गेले नाही. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि गप्प बसणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं आईच म्हणायची. मी तर गहू आतच झाकून ठेवले. आणि चिडले तुझ्यावर.

आता तुझं. तू लिहिलंस की आपण मैत्रिणी आहोत हे तू ऑफिसात सांगितलंच नाहीस. कुणाच्या धंद्यात पैसे घालायचे हे ठरवणाऱ्या टेबलाला अकरा माणसं बसतात, त्यात तू एकटी बाई. साहेब लोक आपापल्या कॉलेजच्या मित्रांचे धंदे आणतात, त्याला ओळख म्हणतात. तू आणलं तर म्हणतील, मैत्रिणीची सोय केली. म्हणून तिथं बसून तू मला ओळख दाखवली नाहीस.

म्हणजे मी आत लपले आणि तू बाहेर बसून लपलीस. तुझ्यावरचा राग अजून गेला नाही, पण निम्मा झाला.

सही अजून केली नाही.

रत्ना


मंचर, १७ जानेवारी २००८

हौसे,

एक वाईट काम केलं, ते तुलाच सांगते.

तुमच्या ऑफिसातून गोकुळला फोन आला की आमची माणसं गावोगावच्या बायांना फोन करून चौकशी करतील, कंपनी कोण चालवतं, काम कसं चालतं. गोकुळ हबकला. मला म्हणाला, वहिनी, बेचाळीस जणींतल्या एकीलाही माझं नाव ठाऊक नाही. उद्या सकाळी भाव सांगताना तुम्हीच सांगा, कुणी विचारलं तर गोकुळसाहेब म्हणायचं.

मी हो म्हणाले. हौसे, मी खरंच हो म्हणाले. मला वाटलं, एवढं झालं की बायांना पगार सुरू होईल, माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय. दुसऱ्या दिवशी साडेपाचला बसले. चिमाबाईंना सांगितलं, त्या बरं म्हणाल्या. साळुबाई बरं म्हणाल्या. अकरा जणींना सांगितलं. अकराही जणी बरं म्हणाल्या आणि भाव उतरवून घेतला.

बाराव्या झुंबरबाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रत्ना, अकरा वर्सं झाली. पाऊस असो, घरात मयत असो, मी भितीवर खोटा भाव कवा लिवला न्हाई. आता तूच मला खोटं लिवाया सांगती व्हय?"

मी म्हणाले, लिहायचं नाही, नुसतं बोलायचं आहे.

"त्ये येकच," म्हणाल्या, आणि बटाट्याचा भाव विचारला.

मी भाव सांगितला आणि फोन ठेवला. रडू आलं. त्या रागावल्या म्हणून नाही, त्यांचं बरोबर होतं म्हणून. मग पुन्हा पहिल्यापासून अकरा फोन लावले आणि सांगितलं, मघाशी बोलले ते विसरा, जे आहे ते सांगा. चिमाबाई म्हणाल्या, आम्ही तसंच सांगणार होतो, तुला वाईट वाटू नये म्हणून बरं म्हटलं.

गोकुळ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सासूबाईंनी दोघांना एका ताटात वाढलं, तेव्हा भाकरी मोडता मोडता म्हणाला, तुम्ही माझं नुकसान केलंत वहिनी. मी म्हणाले, झालं असेल. त्याच्या बाजूनं बघितलं तर खोटं नाही. चोवीस वर्षांचं पोर, पहिल्यांदा कुणीतरी त्याला साहेब म्हटलं होतं.

कागद मी सही न करता परत पाठवतेय. सोबत एक पान जोडलंय, मराठीत. त्यात लिहिलंय की भावफळा मी सुरू केला, मी चालवते, कॉम्प्युटरची बाजू गोकुळ बघतो, आणि कागद तसे करून पाठवले तर मी सही करीन. माझ्याशी बोलायचं असेल तर मी मुंबईला येईन.

रत्ना


मंचर, २ फेब्रुवारी २००८

हौसे,

बोलावणं आलं. बारा तारखेला अकरा वाजता. मी, गोकुळ आणि हे.

तू त्या खोलीत असलीस तर एवढंच कर. मी आत आले की नावानं हाक मार. बाकी मी बघते.

रत्ना


मंचर, १४ मार्च २००८

हौसे,

तू नव्हतीस. तुमच्या शिपायानं सांगितलं, मॅडम आजच बंगळूरला गेल्या. मी तुझ्या खुर्चीचा अंदाज बांधत बसले.

तू विचारणार नाहीस, तरी सांगते. मी मराठीत बोलले आणि चष्म्याच्या साहेबांना बऱ्यापैकी समजलं. आईपासून सुरुवात केली, बेचाळीस गावांपर्यंत आले, अर्धा तास एकटी बोलले. अडखळले नाही. ज्याची भीती होती ते झालंच नाही, आणि जे झालं त्याची मला कल्पना नव्हती.

गोकुळला ते विचारत, हजार गावांची दोन हजार कशी करणार? मला विचारत, आहेत ती बेचाळीस हातची गेली तर? गोकुळला विचारत, पाच वर्षांनी कंपनी कुठं असेल? मला विचारत, मुलं केवढी आहेत, सासूबाईंचं वय झालं की घर कोण बघणार? शेवटी यांना विचारलं, तुमची परवानगी आहे ना. हे म्हणाले, "मी टेम्पो चालवितो, साहेब. कंपनीचं तिला इचारा. ती समोरच बसलीय."

आणि गोकुळ, बाई. जाताना गाडीत एक शब्द बोलला नव्हता. मोठ्या साहेबांनी त्याला सरळ विचारलं, नक्की संस्थापक कोण? तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "फळा वहिनींचा आहे. कॉम्प्युटर माझा आहे. कॉम्प्युटर दुसरा मिळतो." मला तिथंच त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला.

एवढं होऊनही नकार आला. पंधरा दिवसांपूर्वी पाकीट मिळालं. नेतृत्वाबाबत स्पष्टता नाही, असं लिहिलंय. खाली सही तुझी.

मी ते पत्र तीनदा वाचलं. आधी वाटलं, फाडून तुलाच परत पाठवावं. मग ध्यानात आलं. टेबलाला अकरा माणसं, माझ्याशी बोलले ते सगळे पुरुष, आणि एका बाईला नाही म्हणायची वेळ आली तेव्हा त्यांना बरोबर बाई सापडली. तुला त्यांनी बंगळूरला पाठवलं की तू गेलीस, हे मी विचारत नाही. मी सही केली नाही, माझे पैसे गेले. तू सही केलीस, तुझी नोकरी राहिली. कुणाचं चुकलं हे सांगायला बसले तर मला आधी चुलीपासून सुरुवात करावी लागेल.

आमचं म्हणशील तर चाललंय. गेल्या आठवड्यात पुण्याला जाऊन कंपनीची नोंदणी केली. तिघांच्या नावावर: मी, झुंबरबाई आणि गोकुळ. झुंबरबाईंनी सगळ्या पानांवर सह्या करायला अर्धा तास घेतला, कुणाला हात लावू दिला नाही. कारकुनानं माझ्या धंद्याच्या रकान्यात आपल्या मनानं गृहिणी लिहिलं होतं. मी ते पान परत टाइप करायला लावलं. हजार गावं होणार नाहीत, निदान इतक्यात तरी नाहीत. एका मोबाइल कंपनीनं अशीच सेवा काढलीय म्हणतात, ती आम्हाला गिळेलही. बायांचा पगार लांबला याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. ते मी तुझ्यापासून लपवत नाही.

नोकरी सोडावी वाटते असं तू त्या दहा ओळींच्या पत्रात शेवटी लिहिलं होतंस. सोडू नकोस. तू उठलीस तर त्या टेबलाला एकही बाई उरायची नाही, मग माझ्यासारखीला नाही म्हणायलासुद्धा कुणी बाई नसेल. बस तिथंच. पण पुन्हा कधी कुठल्या गावाला गेलीस आणि घरात पुरुष बोलत असले, तर उठून आत जा. आत जी कुणी असेल, तिच्या हाताला धर आणि तिला बाहेर आण. ती म्हणेल, आलेच, तू हो पुढं. ऐकू नकोस तिचं.

तुझी,
रत्ना